टर्मिनलमध्ये मराठी अक्षरं मोडतात तेव्हा

फोल्डरला मराठी नाव दिलं, फाइल मॅनेजरमध्ये ते छान दिसलं, पण टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून यादी काढली तर भलतंच काहीतरी! लिनक्स वापरणाऱ्या कितीतरी मराठी माणसांनी एवढ्यावरूनच फायलींना इंग्रजी नावं द्यायची सवय लावून घेतली आहे. मला ते पटत नाही. बिघाड बहुतेक वेळा छोटा असतो, फक्त तो नेमका कुठे आहे ते ओळखावं लागतं. पुढचं सगळं उबुंटू आणि डेबियन धरून लिहिलं आहे. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

आधी 'एको' लिहून पुढे 'क्षत्रिय किती' टाइप करा, एंटर दाबा आणि काय उमटतं ते नीट बघा.

रिकामे चौकोन दिसले तर अक्षरं बरोबर पोचली आहेत, ती काढायला फॉन्ट नाही. 'लोहित देवनागरी' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' बसवा आणि टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. मात्र टर्मिनलच्या सेटिंगमध्ये मुख्य फॉन्ट म्हणून देवनागरी फॉन्ट निवडू नका. तिथे समान रुंदीचा फॉन्टच राहू द्या, नाहीतर इंग्रजी अक्षरं फाकतात. मराठी अक्षर आलं की यंत्रणा देवनागरी फॉन्ट आपोआप शोधते.

चौकोनांऐवजी डोक्यावर टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं, प्रश्नचिन्हं किंवा फायलींच्या यादीत ३४०, २४४ असे आकडे पुन्हा पुन्हा दिसले, तर दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीचा. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट अष्टमान पद्धतीत (० ते ७ एवढेच अंक वापरून) ३४० असतो. म्हणजे फाइलचं नाव शाबूत आहे, फक्त ते कच्च्या रूपात दिसतंय. लोकेल म्हणजे यंत्रणेची भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग. 'लोकेल चारमॅप' ही आज्ञा द्या. उत्तर यूटीएफ-८ यायला हवं. नसेल तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स' चालवून यूटीएफ-८चं लोकेल निवडा, मग लॉगआउट करून परत या. तरी फरक पडला नाही तर 'एलसी_ऑल' हा चल (नाव दिलेली सेटिंग) कुठे ठरवलेला आहे का ते पाहा, कारण तो नेहमीचं लोकेल ठरवणाऱ्या 'लँग' या चलावर कुरघोडी करतो. एसएसएचने (टर्मिनलमधून दूरच्या संगणकावर जायची सोय) दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावरच घोळ होत असेल, तर ही तपासणी त्या सर्व्हरवर करायची. घरचा संगणक बहुधा निर्दोष आहे.

तिसरा प्रकार चिवट आहे. अक्षरं ओळखू येतात, पण वेलांटी सुटी पडते, 'क्ष' फुटतो, कर्सर भलतीकडेच उभा राहतो. टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलची खिडकी दाखवणारे प्रोग्राम, ज्या जुन्या यंत्रांची नक्कल करतात त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९७८चं व्हीटी१००. ८० स्तंभ, २४ ओळी, एका घरात एक अक्षर. आपली लिपी त्या घरांत मावत नाही. 'कि' साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर, दिसताना मात्र उलट. 'क्ष' म्हणजे साठवणीत तीन चिन्हं. शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) घरं मोजतं एक आणि खिडकी चित्र काढते दुसरं, म्हणून कर्सर चुकतो. इथे सेटिंग बदलून फारसं काही होत नाही, एम्युलेटरच बदलून बघा. केडीई या डेस्कटॉपचं कॉन्सोल जोडाक्षरं बऱ्यापैकी जुळवतं आणि एमएलटर्म तर बहुभाषिक मजकुरासाठीच बनवलेलं आहे. लांब मराठी नावं हाताने पूर्ण लिहू नका, पहिलं अक्षर टाइप करून टॅब दाबा. मराठी मजकूर संपादित करायचा असेल तर मी सरळ ग्राफिकल एडिटर उघडतो.

मराठीच काय, इंग्रजीसुद्धा चित्रविचित्र दिसायला लागली तर बहुधा एखादी चित्राची किंवा प्रोग्रामची फाइल पडद्यावर ओतली गेलेली असते. टाइप केलेलं दिसत नसलं तरी 'रीसेट' लिहून एंटर दाबा. एंटरही चालत नसेल तर कंट्रोल-जे, मग 'रीसेट', मग पुन्हा कंट्रोल-जे. आणि पडदा नुसताच गोठला असेल तर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं असण्याची शक्यता मोठी. खिडकी बंद करण्याआधी एकदा कंट्रोल-क्यू दाबून पाहा, चालू असलेलं काम वाचेल.