‘कोको’ आणि ‘कोऽकोऽ’ : मराठीच्या आधारावर जपानी शिकताना

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-३ पातळीच्या माझ्या पहिल्या निकालावर १८० पैकी १०१ गुण होते. पास व्हायला ९५ लागतात. तरी मी नापास झाले. तीन विभागांपैकी प्रत्येकात ६० पैकी किमान १९ हवे असतात, आणि ऐकण्याच्या विभागात मला १७ मिळाले होते. शब्द-व्याकरणात ४४, वाचनात ४०, ऐकण्यात १७. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते तेव्हा. त्या रात्री मेसचा डबा तसाच राहिला. दोन गुणांसाठी जुलैच्या परीक्षेवरून थेट डिसेंबरच्या परीक्षेवर गेले, आणि तोंडाशी आलेली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.

ज्यांचं एन-५ (सगळ्यात सोपी पातळी) झालंय, त्यावरचं एन-४ चालू आहे आणि ‘जपानी सोपी जातेय’ असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्लास कुठला, फी किती, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या भाषावर्गात प्रवेश कसा मिळतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

सोपी जाते हे खोटं नाही. मराठी माणसाला जपानीत पहिले सहा महिने कुणीतरी कडेवर घेतल्यासारखं वाटतं. क्रियापद शेवटी येतं. ‘ला’, ‘त’, ‘हून’ नामाला मागून चिकटतात, तसंच तिकडेही. ‘खाऊन बघ’ला ते ‘ताबेते मिते’ म्हणतात, म्हणजे शब्दशः खाऊन बघ. ‘करून ठेवणे’ म्हणजे ‘शिते ओकु’, आणि त्यातला ‘ओकु’ म्हणजे ठेवणेच. आपल्या वाक्याच्या शेवटी ‘ना’ येतो तसा त्यांचा ‘ने’. माझ्या वर्गातली एक मुलगी सगळं मनात इंग्रजीत करून घ्यायची. ‘बघणे’ या क्रियापदाचा अर्थ ‘प्रयत्न करणे’ कसा होतो, यावर ती आठवडाभर अडली होती. मला तो प्रश्नच पडला नाही. ‘त्सु’ म्हणायला हिंदीभाषक मुलांना कष्ट पडतात, आपल्याकडे चूल आणि चुलत यांतला च तयारच असतो. ‘काना’ या जपानी अक्षरमालेचा क्रमसुद्धा ओळखीचा: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा. तो आपल्या वर्णमालेवरूनच तिकडे गेलाय. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून जपानला परतला तेव्हा त्याच्यासोबत सिद्धं लिपीतली संस्कृत मंत्रविद्या होती, आणि पुढे बौद्ध भिक्षूंच्या त्या अभ्यासातून हा क्रम रुजला. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आजही होतो.

आता सापळा.

क्लासमधल्या एका सीनिअरने मला त्याच्या नोट्सची झेरॉक्स दिली. सगळे शब्द देवनागरीत. ‘देवनागरीत सगळे उच्चार लिहिता येतात, मग आपण इंग्रजी अक्षरांचा त्रास कशाला घ्यायचा?’ मला पटलं. दोनशे पानी वही मी त्याच पद्धतीने भरली आणि त्या वहीवर एन-५, एन-४ पहिल्या झटक्यात पास झाले. त्यामुळे वहीवर संशय घ्यायचं कारणच उरलं नाही.

‘कोको’ हा शब्द घ्या. जपानीत ‘कोको’ म्हणजे इथे. आणि ‘कोऽकोऽ’ म्हणजे आपल्या दहावी-बारावीची शाळा. (इथे लांब स्वर दाखवायला मी अवग्रह टाकतेय. माझ्या वहीत तो नव्हता.) वहीत दोन्ही ठिकाणी ‘कोको’च. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. वहीत दोन्ही ‘ओबासान’. ‘तोरु’ म्हणजे घेणे, ‘तोऽरु’ म्हणजे जवळून किंवा मधून जाणे. दोन्ही ‘तोरू’.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण इथेच माझं वर्ष गेलं. मराठीच्या देवनागरीत ए आणि ओ यांचं ऱ्हस्व रूपच नाही, आणि आ चं ऱ्हस्व रूप म्हणजे अ, त्याचा उच्चारच वेगळा. आपल्या कानाला हे स्वर नेहमी एकाच मापाचे वाटतात. जपानीत त्यांची दोन मापं असतात आणि मापावर अर्थ बदलतो. इकार-उकाराला आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहे, पण तिथे शुद्धलेखनाने घात केला. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा नियम शाळेत इतका घोटून घेतलाय की माझा हात आपोआप ‘एकी’, ‘युकी’, ‘तोरू’ लिहायचा. ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘युऽकि’ म्हणजे धैर्य. बोलताना आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळत नाही, त्यामुळे दोन्ही तोंडात आणि कानात सारखेच बसले. आणखी एक: ‘किनेन’ म्हणजे स्मरणार्थ. धूम्रपानबंदीलाही मी ‘किनेन’च लिहिलं होतं. तो शब्द ‘किन्’ आणि ‘एन्’ असा तोडून म्हणायचा असतो.

वाचताना काही बिघडत नाही, कांजी (चिनीतून आलेली चिन्हलिपी) डोळ्यांसमोर असते. ऐकताना मात्र डोळ्यांना काही आधार नसतो. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. बाई आजीबद्दल बोलतेय की काकूबद्दल, यावर मी अडले की पुढची दोन वाक्यं निघून जायची.

तुम्ही म्हणाल, मग मराठीच बाजूला ठेवावी का? नाही. हा मुद्दा मला फार उशिरा उमगला. माझी बहीण डी.एड. करत होती तेव्हा तिच्या वहीत ‘अध्ययन संक्रमण’ असा धडा होता: आधीचं शिकलेलं पुढच्याला मदत करतं ते धन संक्रमण, आड येतं ते ऋण, काहीच करत नाही ते शून्य. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये मांडलं की दोन गोष्टींत जेवढे घटक समान, तेवढीच मदत होते. नुसता ‘मेंदू तल्लख’ होऊन सगळीकडे फायदा होत नाही. हे खरं आहे, पण माझ्या अनुभवात त्याला एक पुरवणी आहे. पूर्ण वेगळ्या गोष्टीने मला कधी फसवलं नाही. कांजी मराठीशी कशातच जुळत नाही, म्हणून ती मी पहिल्या दिवसापासून मान खाली घालून गिरवली आणि ती पक्की झाली. फसवलं ते जवळजवळ सारख्या गोष्टींनी. हिंदीतलं ‘शिक्षा’ आठवा. शब्द आपलाच, म्हणून आपण बेफिकीर राहतो आणि शिक्षणाऐवजी दंड ऐकतो.

व्याकरणातही जुळणीचा सांधा असाच निसटतो. ‘पुण्यात राहते’ आणि ‘पुण्यात काम करते’, आपला ‘त’ एकच. जपानीत पहिल्याला ‘नि’, दुसऱ्याला ‘दे’. ‘मैत्रिणीला भेटले’ला ‘नि’ चालतो म्हणून मी ‘ला म्हणजे नि’ असं सूत्र करून टाकलं. मग ‘मुलाला बघितलं’ला ‘ओ’ लागतो तिथे ठेचकाळले. ‘देणे’ तर आजही जपून वापरते: मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्याने मला दिलं तर ‘कुरेरु’.

नोकरीत गेल्यावर याहून मोठी चूक झाली. हिंजवडीतल्या कंपनीत जपानहून क्लायंटचा फोन आला, आमच्या मॅनेजरना विचारलं. मी अदबीने मॅनेजरच्या नावापुढे ‘सान’ लावलं आणि ‘इराश्शाइमासेन’ म्हणाले, म्हणजे ‘साहेब नाहीयेत’. पलीकडे क्षणभर शांतता. दारात पाहुणे आले की आपण ‘बाबा घरी नाहीत’ असंच म्हणतो. वडीलधाऱ्यांचा आदर परक्यासमोर तर जास्तच. जपानीत बाहेरच्या माणसासमोर आपल्या घरच्याला, आपल्या कंपनीतल्याला, मग तो कितीही वरचा असो, ‘सान’ लावायचं नाही आणि त्याच्यासाठी नम्रतेचं क्रियापद वापरायचं: ‘ओरिमासेन’. आदरार्थी बोलायचं वळण मला लहानपणापासून होतं, म्हणून हा धडा मी वरवर वाचून सोडला होता. त्या संध्याकाळी सीनिअर मॅडमनी मला रागावून नाही, शेजारी बसवून अर्धा तास हेच घोटून घेतलं. शिक्षक निवडताना असा माणूस शोधा. माझं ठाम मत आहे की नुसतं अस्खलित बोलणाऱ्यापेक्षा, स्वतः मराठीतून जपानीत जाताना पडलेला माणूस जास्त शिकवतो. आणि ‘तीन महिन्यांत एन-४’ अशा पाट्यांकडे बघूही नका. त्या वेगात चुकीचं वळण फक्त लवकर पक्कं होतं.

मला बाहेर काढलं तेही जुन्याच शिकण्याने. शाळेत वृत्तं शिकलो होतो: लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, अनुस्वार असलेलं गुरू. जपानी उच्चार याच मापाने मोजतात. ‘निप्पोन’ची चार मापं, ‘तोऽक्योऽ’ची चार, ‘ओऽसाका’ची चार. एकच दुरुस्ती करायची: आपल्या मोजणीत आ, ए, ओ नेहमी गुरू, तिकडे अवग्रह नसेल तर लघु. ‘कोको’ मराठी मोजणीने चार मात्रा, जपानीने दोन. ही दुरुस्ती कळली त्या दिवशी मला वहीतली प्रत्येक चूक दिसायला लागली.

डिसेंबरपर्यंत मी वही काना लिपीत नव्याने लिहून काढली. रोज पंधरा मिनिटं श्रुतलेखन: रेकॉर्डिंग ऐकायचं, बोटांनी टेबलावर मात्रा वाजवायच्या, मग लिहायचं. अभ्यासिकेत आवाज चालत नाही म्हणून रविवारी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायचे. ओकायामाच्या कोऽराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली बाग आहे ती, आणि त्या नावातला ‘कोऽ’ही मी आधी आखूडच म्हणायचे. पहिले तीन आठवडे काहीच सुधारत नाही. उलट आधी येत होतं तेही डळमळतं, कारण जुनं वळण आणि नवं वळण एकाच वेळी तोंडाशी येतात. तिथे घाबरून वहीकडे परत जाऊ नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कान उघडतो. माझ्या ऐकण्याच्या विभागात १७ चे ४१ झाले.

आज रात्री एक करा. तुमच्या वहीतले लांब-आखूड स्वरांचे वीस शब्द कुणाला तरी मोबाइलवर ऑडिओ लावून ऐकवायला सांगा आणि तुम्ही वहीकडे न बघता काना लिपीत लिहा. पाचपेक्षा जास्त चुकले, तर एन-३ चा फॉर्म भरण्याआधी सहा आठवडे फक्त कानाला द्या. सगळे वीस चुकले तरी चालेल. माझे सतरा चुकले होते.