चालण्याच्या मिनिटांवरून पावलं काढताय? या चुका टाळा

डॉक्टर सांगतात मिनिटांत, घड्याळ दाखवतं पावलांत आणि ग्रुपमधलं चॅलेंज असतं दहा हजारांचं. मग आपण गुणाकाराला बसतो. ४० मिनिटं गुणिले १००, चार हजार पावलं, झालं! गुणाकार बरोबरच असतो. गडबड असते ती त्या १०० मध्ये, आणि बऱ्याचदा त्या ४० मिनिटांमध्येसुद्धा.

सूत्र एका ओळीचं आहे: प्रत्यक्ष चाललेली मिनिटं × मिनिटाला पडणारी पावलं. यातले दोन्ही आकडे तुमचे स्वतःचे असतील तर उत्तर बऱ्यापैकी जवळ येतं. ते कुठल्या तरी तक्त्यातून उसने घेतले, की उत्तर दुसऱ्याच कुणाचं येतं.

चूक १: सगळ्यांना सरसकट १०० चा दर लावणं

१०० हा आकडा हवेतून आलेला नाही. मध्यम तीव्रतेचा व्यायाम व्हायला प्रौढ माणसाला मिनिटाला साधारण १०० पावलांचा वेग लागतो, असं चालण्यावरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे हा एक उंबरठा आहे, सरासरी नव्हे. तुमचं चालणं त्याच्या खाली असू शकतं किंवा बरंच वर. संशोधक चालीचे साधारण असे गट पाडतात:

हळू चाल: मिनिटाला ६० ते ७९ पावलं, अर्ध्या तासात १,८०० ते २,३७०
मध्यम चाल: ८० ते ९९, अर्ध्या तासात २,४०० ते २,९७०
झपझप चाल: १०० ते ११९, अर्ध्या तासात ३,००० ते ३,५७०
भरभर चाल: १२० आणि पुढे, अर्ध्या तासात ३,६०० च्या वर

हळू आणि भरभर यांतला फरक बघा. तेवढ्याच अर्ध्या तासात एकाची पावलं दुसऱ्याच्या दुप्पट होऊ शकतात. त्यामुळे ‘अर्धा तास म्हणजे किती स्टेप्स?’ या प्रश्नाला चाल न विचारता कुणी आकडा सांगितला, तर तो अंदाजपंचेच समजायचा.

आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवतानाही माणूस स्वतःवर मेहेरबान असतो. रमतगमत गप्पा मारत चालणारेही ‘मी भरभरच चालतो’ म्हणतात. एक सोपी खूण आहे: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर चाल मध्यम तीव्रतेची, म्हणजे वरच्या यादीतली ‘मध्यम’ नव्हे, ‘झपझप’. आरामात गाणं म्हणता येत असेल, तर १०० चा दर स्वतःला लावू नका.

चूक २: दर मोजायचा, पण चुकीच्या मिनिटाला

स्वतःचा दर काढायला एक मिनिट पुरतं. पण ते कोणतं मिनिट हे महत्त्वाचं. पहिल्या मिनिटाला पाय मोकळे झालेले नसतात. शिवाय आपण मोजतोय हे लक्षात आलं की चाल आपोआप ताठ आणि तेज होते. सात-आठ मिनिटं चालून झाल्यावर, सपाट सरळ रस्त्यावर, नेहमीच्या बुटांत मोजा.

मोजताना प्रत्येक पाऊल मोजत बसू नका, गोंधळ होतो. फक्त उजवा पाय जमिनीला टेकला की एक आकडा. मिनिटभरात उजवा पाय ५६ वेळा टेकला, तर तुमचा दर ११२. फेरीच्या मध्यावर एकदा आणि शेवटाकडे एकदा मोजून सरासरी घेतली, की काम झालं.

‘पंधरा सेकंद मोजून चारने गुणा’ हा उपाय बरेच जण सांगतात. मला तो पसंत नाही. पंधरा सेकंदांत एक पाऊल इकडचं तिकडे झालं, की मिनिटाला चार पावलांचा फरक पडतो आणि तासाला २४० चा. एवढी घाई कशाला? पूर्ण मिनिट मोजावं.

चूक ३: वेग दीडपट तर पावलंही दीडपट

सर्वात जास्त फसवणारी चूक हीच. वेग वाढवताना आपण दोन गोष्टी एकदम करतो: पाय लवकर उचलतो आणि पाऊल लांब टाकतो. वाढलेल्या वेगाचा मोठा वाटा पावलाच्या लांबीत जिरतो, म्हणून पावलांची संख्या वेगाच्या प्रमाणात वाढत नाही.

मध्यम उंचीच्या एका माणसाचं उदाहरण घेऊ. ताशी ४ किलोमीटरने चालताना त्याची मिनिटाला १०४ पावलं पडतात, म्हणजे एक पाऊल सुमारे ६४ सेंटिमीटरचं. ताशी ५ ला दर ११६ आणि पाऊल ७२ सेंटिमीटर. ताशी ६ ला दर १२७ आणि पाऊल ७९ सेंटिमीटर. आता अर्ध्या तासाचा हिशेब करा: ३,१२०, मग ३,४८०, मग ३,८१०. वेग ४ वरून ६ झाला, म्हणजे ५० टक्के वाढला. पावलं वाढली फक्त २२ टक्के.

हाच हिशेब अंतराच्या बाजूने केला, तर चित्र उलटं होतं. याच माणसाची रोजची फेरी ठरलेली तीन किलोमीटरची आहे असं समजा. ताशी ४ च्या वेगाने तिला ४५ मिनिटं लागतात आणि ४,६८० पावलं पडतात. ताशी ६ च्या वेगाने तीच फेरी ३० मिनिटांत होते आणि पावलं पडतात ३,८१०. मेहनत जास्त केली आणि घड्याळात ८७० पावलं कमी! ‘घड्याळ बिघडलं’ ही तक्रार अनेकदा इथूनच निघते. घड्याळ ठीक असतं. वेळ ठरलेली असेल तर भरभर चालण्याने पावलं वाढतात आणि अंतर ठरलेलं असेल तर कमी होतात, एवढं पक्कं लक्षात ठेवायचं.

म्हणून एकच दर सगळीकडे वापरू नका. रमतगमत चालीचा एक आणि व्यायामाच्या चालीचा एक, असे दोन आकडे वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. फिरणं मिश्र असेल तर तुकडे पाडा: १० मिनिटं ९० ने, २५ मिनिटं ११५ ने. ९०० आणि २,८७५ मिळून ३,७७५. पूर्ण ३५ मिनिटांना ११५ लावलं असतं तर ४,०२५ आले असते, म्हणजे २५० पावलं फुकटची.

चूक ४: शेजारी चालणाऱ्याचा आकडा आपला मानणं

दोघं जण बरोबर निघाले, बरोबर चालले, बरोबर परतले. तरी पावलं सारखी नसतात. पावलाची लांबी ढोबळमानाने उंचीच्या ४१ टक्के धरतात. १५० सेंटिमीटर उंचीला ती साधारण ६२ सेंटिमीटर येते, १८० सेंटिमीटरला ७४. ४० मिनिटांत दोघांनी ३.२ किलोमीटर कापले, तर एकाची पावलं ५,१६० च्या आसपास आणि दुसऱ्याची ४,३२० च्या. प्रत्यक्षात फरक थोडा कमी निघतो, कारण बुटका जोडीदार पाऊल जरा ताणतो आणि उंच माणूस आवरतं घेतो. पण फरक राहतोच. त्यामुळे दोघांच्या घड्याळांत वेगळे आकडे दिसले, तर लगेच एकाला खोटं ठरवू नये.

हे ४१ टक्क्यांचं गणित नेहमीच्या चालीचंच आहे. चढ, जिने, वाळू, गर्दी, गुडघेदुखी यात पाऊल आखडतं. घरातल्या घरात फेऱ्या मारताना तर दर दहा-बारा पावलांवर वळावं लागतं, आणि वळताना चाल मंदावते. अशा फिरण्याचा दर तिथेच मोजायला हवा, मैदानावरचा आकडा इथे चालत नाही.

पावलाची खरी लांबी हवी असेल, तर धावण्याच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर सर्वात आतल्या लेनमधून एक फेरी मारून पावलं मोजा. ५६० भरली तर एक पाऊल ७१ सेंटिमीटरचं. बाहेरच्या लेनमधून मोजू नका, कारण लेन बदलली की फेरी दर लेनमागे सुमारे साडेसात मीटरने वाढते. आणखी एक सावधगिरी: काही यंत्रं उजव्या टाचेपासून पुन्हा उजव्या टाचेपर्यंतचं अंतर दाखवतात, म्हणजे दोन पावलांचं. तुमच्या पावलाची लांबी दीड मीटरच्या आसपास दिसत असेल, तर तिचं अर्धं करा.

चूक ५: घरातून निघालो ते परत आलो, सगळा वेळ चालण्यात धरणं

बाहेर ४५ मिनिटं होतात, पण त्यात सिग्नल असतो, बुटाची नाडी असते, फोन असतो आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून थांबवणारा कुणी ओळखीचा असतो. खरं चालणं ४१ मिनिटं झालं असेल, तर ११२ च्या दराने ४,५९२ पावलं. पूर्ण ४५ धरली तर ५,०४०. ॲपमध्ये ‘एकूण वेळ’ आणि ‘हालचालीचा वेळ’ असे दोन आकडे दिसत असतील, तर हिशेबाला दुसरा घ्यायचा.

याच्याच पोटातली एक बारीक चूक म्हणजे दशांशाची. दीड तास कॅल्क्युलेटरवर १.३० असा टाकून ६० ने गुणलं, तर ७८ मिनिटं येतात, ९० नाही. मिनिटाला ११० पावलांनी इथेच १,३२० पावलं गळतात. तासांच्या भानगडीत पडूच नका, सुरुवातीपासून मिनिटांत लिहा.

हिशेब आणि घड्याळ जुळत नसेल तर

आधी एक चाचणी करा. घड्याळातला आकडा पाहून ठेवा, नेहमीच्या चालीने मोजून १०० पावलं चाला, थांबा, क्षणभर वाट पाहा (आकडा उशिरा बदलतो) आणि पुन्हा बघा. ९५ ते १०५ च्या आत असेल तर घड्याळाला दोष देऊ नका, तुमचा दर किंवा वेळ तपासा. फरक मोठा असेल तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं.

आकडा कमी येतोय: मनगटी घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं. हात खिशात असेल, बाबागाडी किंवा ट्रॉली ढकलत असाल, ट्रेडमिलचा दांडा धरला असेल, तर पावलं निसटतात. अशा वेळी फोन पँटच्या खिशात ठेवला तर मोजणी बरी होते. फार संथ चाल, काठी किंवा वॉकर घेऊन चालणं, पाय घासत चालणं यातही यंत्रं कमी मोजतात. घरातली दोन पावलं इथे, तीन तिथे अशी हालचालही बरीच सुटते, कारण सलग काही पावलं पडल्याशिवाय अनेक यंत्रं मोजायला सुरुवातच करत नाहीत.

आकडा जास्त येतोय: टाळ्या, भांडी घासणं, खडबडीत रस्त्यावरचा प्रवास. हाताला लयीत हिसके बसले, की यंत्राची फसगत होते.

दिवसाची बेरीज भलतीच फुगलीय: सकाळच्या फेरीची पावलं तुम्ही हाताने मोजून घड्याळाच्या दिवसभराच्या आकड्यात मिळवताय का? घड्याळ हातात असेल, तर ती त्यात आधीच धरलेली असतात. फोन आणि घड्याळ या दोघांची बेरीज करणं हीसुद्धा तीच चूक.

धावण्याला चालण्याचा दर लावू नका. धावताना पावलं मिनिटाला साधारण १५० ते १८० पडतात, म्हणून फिरण्यातला धावण्याचा तुकडा वेगळा काढा. सायकल आणि पोहण्याची ‘इतक्या पावलांइतकं’ अशी कोष्टकं मिळतात, पण ती खर्च झालेल्या ऊर्जेवर बेतलेली असतात, त्यात पाऊल एकही पडलेलं नसतं. ग्रुपच्या चॅलेंजमध्ये चालत असेल तर खुशाल वापरा, चालण्याच्या नोंदीत मात्र मिसळू नका.

उलटा हिशेब: दहा हजारांना किती वेळ?

मिनिटाला ८० ने १२५ मिनिटं, १०० ने १०० मिनिटं, १२० ने ८३ मिनिटं. हा वेळ पूर्ण दिवसाचा आहे. एका बैठकीत एवढं चालायचं असं समजून लोक पहिल्याच आठवड्यात दमतात. घरकाम, कामाची जागा, जिने यांत दिवसभरात तीन-चार हजार पावलं एरवीही पडत असतील, तर मुद्दाम चालायचं ते उरलेल्यांसाठी. आधी एक-दोन दिवस फेरी न मारता किती पावलं पडतात ते बघा. ती ३,८०० निघाली तर उरली ६,२००, आणि ११२ च्या दराने ती होतात ५५ मिनिटांत.

दहा हजार ही वैद्यकीय मर्यादारेषा नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये यामासा कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच हा आकडा होता, आणि तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे: प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम तीव्रतेच्या हालचालीची १५० ते ३०० मिनिटं. १०० च्या दराने १५० मिनिटं म्हणजे आठवड्याला १५,००० पावलं, रोजची २,१०० च्या थोडी वर. मात्र ही पावलं झपझप चालीचीच हवीत, दिवसभराच्या सगळ्या पावलांतून ती वजा करून मोकळं होता येत नाही.

उत्तर लिहिताना शेवटचे आकडे सोडून द्या. ४,५९२ ऐवजी ‘साधारण ४,६००’. हाताने मोजलेल्या दरात दोन-चार पावलांची चूक असतेच, त्यामुळे एककापर्यंतची अचूकता नुसती दिखाऊ असते. आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. बूट बदलले, आजारपणातून उठलात, वजन बरंच कमी-जास्त झालं किंवा चालण्याचा रस्ता बदलला, तर त्याच आठवड्यात मोजा.