फॉरवर्ड आलेला इतिहास खरा की खोटा, हे तपासायचं कसं

सकाळी फॅमिली ग्रुपवर एखादा ऐतिहासिक मेसेज पडतो आणि दुपारपर्यंत तोच आणखी तीन ग्रुपांतून आपल्याकडे येतो. मी गेली दहा-बारा वर्षं असे मेसेज तपासतेय, आणि यावर जो ठरलेला सल्ला मिळतो ना, "दोन-तीन ठिकाणी बघा, सगळीकडे तेच असेल तर खरं", त्याचा मला मनापासून राग येतो, कारण या सल्ल्यानेच मी एकदा तोंडघशी पडलेय.

आधी सोपं उरकू. फोटो असेल तर गूगल लेन्सला दाखवा. मजकूर असेल तर "हे तुम्हाला शाळेत कधी शिकवलं नाही" छापाची वाक्यं खोडा आणि कोण, कुठे, कधी एवढंच ठेवा. यातलं काहीच उरत नसेल तर सोडून द्या, तपासायला त्यात काही नाहीच.

तारीख उरली तर तो माणूस त्या दिवशी होता कुठे ते बघा. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारा ब्रिटिश अधिकारी मेकॉले, त्याच्या नावाचा मेसेज तुम्हालाही आला असेलच, भारतभर फिरलो पण एक भिकारी की चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांचं शिक्षण बदला, असं तो २ फेब्रुवारी १८३५ ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलला म्हणे. मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला आणि १८३८ पर्यंत इकडेच होता, त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. तारीख खरी आहे, पण ती त्याच्या शिक्षणावरच्या टिपणाची, आणि ते टिपण अथपासून इतिपर्यंत वाचलं तरी त्यात हे वाक्य नाही. त्यात जे आहे ते कमी अपमानकारक नाही, चांगल्या युरोपियन ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे हे नाकारणारा एकही जाणकार मला भेटला नाही, असं तो लिहितो. चिडायला एवढं खरं कारण असताना खोटं वाक्य कशाला फिरवायचं?

आता अवघड भाग. २२ जून १८९७ ची रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेग कमिटीचा प्रमुख रँड गव्हर्नमेंट हाऊसमधून, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. एका छोट्या व्याख्यानात मी ठासून सांगितलं की रँड जागीच मेला. चार पुस्तकं वाचून गेले होते, चारहींत तेच होतं. व्याख्यान संपल्यावर एक आजोबा आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, जागच्या जागी गेला तो आयर्स्ट, रँडसोबतचा लष्करी अधिकारी. रँडला ससून हॉस्पिटलमध्ये नेला होता, तो ३ जुलैला गेला."

त्या रात्री चारही पुस्तकं टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवली. तळटीप एकातच, तीही दुसऱ्या पुस्तकाची. तिघांत तो परिच्छेद जवळजवळ शब्दाला शब्द सारखा, आणि आयर्स्टच्या नावात जी छपाईची चूक पहिल्यात होती तीच पुढच्या दोघांत. म्हणजे माझे चार साक्षीदार नव्हतेच, एकच होता, आणि तोही घटनेनंतर पन्नासएक वर्षांनी लिहिणारा!

तेव्हापासून मी किती ठिकाणी लिहिलंय ते मोजत नाही, प्रत्येकाने ते कुठून उचललं ते बघते. कोरा कागद घ्या, प्रत्येक पुस्तकाचं नाव लिहा आणि ज्याने ज्याच्यावरून घेतलं त्याच्याकडे बाण काढा. सगळे बाण एकाच नावाशी जाऊन थांबले तर तुमच्याकडे एकच पुरावा आहे, मग पुस्तकं वीस असोत. सारख्या चुका शोधा, त्या हमखास वाट दाखवतात. आणि बाण त्या काळातल्या कागदाशी, म्हणजे वर्तमानपत्र, सरकारी दप्तर, पत्र, यांच्याशी पोचेपर्यंत थांबू नका. पुण्यात राहणाऱ्यांना तर सबबच नाही, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे, नगर वाचन मंदिर आहे, आधी फोन करून नियम विचारा आणि जा.

तिथेही एक फसगत होते. दुसऱ्या दिवशीचा अंक बघून उठू नका, पुढचे पंधरा दिवस चाळा. रँडचंच घ्या, पहिल्या बातमीपाशी थांबलात तर तो जिवंत आहे आणि पुस्तकांवर थांबलात तर जागीच मेलेला, मधले अकरा दिवस पुण्यावर काय दडपण असेल हे दोन्हीकडे दिसत नाही.

घटना आठवणीतली असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, पण "किती वाजता" असं विचारू नका. पानशेतचा पूर रात्री आला असं माझी आत्या वर्षानुवर्षं सांगायची. मी विचारलं, तेव्हा तू काय करत होतीस? तर म्हणाली जेवणाची भांडी घासायला घेतली होती, ऊन होतं, आणि बोलता बोलता स्वतःच थांबली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण सकाळी फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि मग तेही धरण फुटलं, हे दुसरं फुटणं तर बोलताना बहुतेकजण गाळतातच. पूरग्रस्तांची गोखलेनगरच्या निसन हटमधली, म्हणजे अर्धगोल तात्पुरत्या घरांमधली वर्षंही अशीच गाळली जातात, तुमच्या घरात कोणी तिथे राहिलं असेल तर आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

शेवटी उत्तर. ग्रुपवर "हे खोटं आहे" असं लिहू नका, समोरचा हट्टाला पेटतो. ज्यांनी पाठवलंय त्यांना वेगळा मेसेज करा, दोन ओळी आणि मूळ पानाचा फोटो, बस. "काका, मेकॉले त्या दिवशी कलकत्त्यात होता. त्याचं टिपण सोबत पाठवतेय, ते फडताळाचं वाक्य नक्की वाचा."