घरी लघवीची नळी घालताना: घाबरू नका, पण टाइम चुकवू नका

डिस्चार्ज देताना डॉक्टर सांगतात की कायमची नळी काढतोय, आता घरी दिवसातनं चार-पाच वेळा साधी नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची, आणि हे ऐकून घरच्यांचे हातपाय गार पडतात. माझ्या दिरांना मणक्याच्या मारानंतर हे सुरू झालं, तेव्हापासनं बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच जण मला विचारतात, आणि सगळ्यांची भीती एकच, घरात ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता कुठनं आणायची. ती लागतच नाही. 1972 साली अमेरिकेत मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी हेच मांडलं की स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, पण पोटातली लघवीची पिशवी (मूत्राशय) तुंबू द्यायची नाही. पिशवी फार ताणली की तिच्या भिंतीला रक्त कमी पोचतं, आत राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि दाब वर किडनीपर्यंत जातो.

म्हणून पहिल्यांदा टाइम. मोठ्या माणसाला साधारण दर चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी 400-500 मिलीच्या वर जाऊ द्यायचं नाही. एक मापाचा मग आणि एक वही ठेवा, किती वाजता, किती मिली, एवढंच लिहा. सारखं 600 येत असेल तर मधलं अंतर कमी करायचं, पाणी कमी करायचं नाही बरं का. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारे खूप बघितलेत मी, आणि अथणी-चिकोडीच्या उन्हाळ्यात तर ते सरळ आजाराला बोलावणं आहे. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी जाऊ द्या, फक्त संध्याकाळी सातनंतर जरा हात आखडता घ्या म्हणजे रात्री पिशवी भरत नाही.

नळीला मेडिकलवाले प्लेन कॅथेटर किंवा नेलाटन म्हणतात. मोठ्या माणसांना बहुतेक 12 किंवा 14 नंबर (नळीची जाडी) लागतो, पण नंबर डॉक्टरांनी ठरवलेलाच घ्यायचा. रिकाम्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे दुकानदार कन्नड बोलणारा असो की मराठी, दाखवलं की काम झालं. नळी सहज सरकावी म्हणून लावायची जेली पाण्यात विरघळणारी, डॉक्टरांनी लिहून दिलेली. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, गावाकडं कुणीही सांगू दे.

आता प्रत्यक्ष. हात साबणानं नीट धुवा, बोटांच्या बेचक्यासकट. लघवीची जागा साध्या साबण-पाण्यानं पुसा, डेटॉल नको, आग होते. पुरुषांनी कातडी मागं घ्यायची, नळीला पुढनं निम्म्यापर्यंत भरपूर जेली लावायची, लिंग पोटाच्या बाजूला वर धरायचं म्हणजे वाट सरळ होते, आणि नळी हळूहळू सरकवायची. आत 15-20 सेंटीमीटरच्या आसपास अडल्यासारखं होतं, सगळ्यांनाच होतं, तिथं दाबायचं नाही, तिथंच थांबून दोन-तीन मोठे श्वास घ्या, थोडं खोका, अंग सैल सोडा, आणि मग हलका दाब द्या, बहुतेक वेळा नळी आपोआप पुढं जाते. लघवी सुरू झाली की अजून दोन-तीन सेंटीमीटर आत. शेवटी कातडी आठवणीनं पुढं आणा, मागं राहिली तर सुजते आणि मग दवाखानाच गाठावा लागतो.

बायकांची वाट जेमतेम चार सेंटीमीटरची, पण जागा सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतात. पहिले काही दिवस मांडीत आरसा धरा, लघवीचं छिद्र योनीच्या जरा वर असतं. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथंच राहू द्या, म्हणजे खूण राहते, आणि दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या बाजूच्या छिद्रात घाला. पुसताना नेहमी पुढनं मागं.

काढताना घाई नको, हळू ओढायची, मध्येच परत धार लागली तर थांबायचं, ती शेवटची धारच महत्त्वाची असते.

नळी धुवून परत वापरायची का? पाकिटावर एकदाच वापरा असं असतं आणि परवडत असेल तर तेच करा. खर्चामुळं बरेच जण धुवून वापरतात, तर निदान डॉक्टरांना विचारून करा, वापरल्याबरोबर आतनं-बाहेरनं साबणानं धुवा, भरपूर पाणी सोडा, झटकून हवेशीर जागी सुकवा आणि कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा. कडक झाली, खरखरीत लागली की टाकून द्या. पाण्यात भिजवून बुळबुळीत होणारी कोटिंगवाली नळी मात्र धुवून वापरायचीच नाही. खानापूरच्या पावसात काहीच वाळत नाही, त्या महिन्यांत तरी दर वेळी नवी घ्या.

बाहेर जाणं बंद करू नका. छोट्या पिशवीत दोन-तीन नळ्या, जेली, सॅनिटायझर, वाइप्स, आणि रुंद तोंडाची बाटली एवढं बस्स. बेंगळूरची रात्रीची बस धरायची तर चढायच्या आधी नळी घालून लघवी काढून घ्या आणि वाटेत लागलं तर स्लीपरमध्ये पडदा ओढून बाटलीत काढा. गणपती विसर्जनाची मिरवणूक तर रात्रभर चालते, कपिलेश्वर तलावाकडं जाताना वाटेतल्या कुणा पाहुण्यांचं घर आधीच सांगून ठेवायचं, आमच्यात तसंच करतात.

नुसती लघवी गढूळ दिसली म्हणून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका, आधी पाणी वाढवा आणि डॉक्टरांशी बोला. पण ताप, थंडी वाजणे, कमरेत दुखणे, खूप रक्त, किंवा नळी आत जातच नाही असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. मणक्याचा मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, घाम फुटला, तर माणसाला आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, लगेच नळी घाला, आणि त्यानंही उतरलं नाही तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा, बीपी धोक्याइतकं वाढलेलं असतं.

आणि वर्षातनं एकदा किडनीची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी तपासणी) करून घ्या, जाताना ती मिली लिहिलेली वही बरोबर न्या, डॉक्टर पहिल्यांदा तीच बघतात.