जर्मनीत नवीन आलात? रोलाडनला दुसरा स्विच लावण्याआधी एवढं वाचा

मोटरवाल्या रोलाडनचं (खिडकीवर बाहेरून गुंडाळत वर-खाली होणारं शटर) कौतुक ओसरलं की प्रत्येकाला हेच सुचतं: दाराजवळ बटण आहे, पलंगाजवळही एक हवं. जरूर घ्या. पण जिन्याच्या दिव्याला खाली-वर दोन स्विच असतात तसं इथे करता येत नाही.

दिव्याला एकच फेज जाते. या मोटरला दोन जातात, एक वर न्यायला आणि एक खाली आणायला. केबलमध्ये चार तारा असतात: निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, आणि काळी व तपकिरी या दोन दिशांच्या. या दोन्हींवर एकाच वेळी फेज आली की मोटर जागच्या जागी गुरगुरते आणि तापते. म्हणून रोलाडनच्या स्विचमध्ये आतच अशी अडसर असते, की 'वर' दाबलेलं असताना 'खाली' लागू नये. पण असे दोन स्विच समांतर जोडले तर एकाची अडसर दुसऱ्याला काय ठाऊक? तुम्ही हॉलमधून 'वर' दाबलंत आणि त्याच वेळी आतून मुलाने 'खाली' दाबलं, की संपलं.

दुसरा प्रकार याहून महाग. शेजारशेजारच्या दोन खिडक्या, म्हणून दोन्ही मोटरी एकाच स्विचवर! आमच्या ओळखीतल्या एका हुशार गृहस्थांनी हे केलं. पहिले काही दिवस छान चाललं. या मोटरीत कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) असतो, त्यामुळे ती चालू असताना न वापरलेल्या तारेवरही व्होल्टेज येतं, कधीकधी मेनपेक्षा जास्त. एक मोटर शेवटाला पोचून थांबली की दुसरीचं ते उलटं व्होल्टेज तिला परत हलवतं. लिमिट स्विच (शेवटाला पोचल्यावर मोटर थांबवणारे आतले स्विच) कडकड वाजत राहतात आणि शेवटी जळतात. दोन्ही मोटरी गेल्या, वर इलेक्ट्रिशियनचं बिल. एका स्विचवर दोन मोटरी नकोत. मध्ये विलगीकरण रिले (दोन्ही मोटरींच्या तारा एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा) असेल तरच. पुन्हा सांगतो, तरच.

बरोबर पद्धत सोपी आहे. मोटरला हात लावणारा एकच असावा: रोलाडनचा रिले किंवा ॲक्चुएटर, म्हणजे बटणाचा इशारा घेऊन मोटर चालू-बंद करणारी छोटी पेटी. शेली, एल्टाको या कंपन्यांचे मिळतात. दोन्ही दिशा एकदम चालू होणार नाहीत हे तो पाहतो. भिंतीवरची बटणं त्याच्या इनपुटला जोडायची, आणि तिथे तुम्हाला हवी तेवढी बटणं समांतर चालतात. फक्त ती दाबून सोडायची हवीत. बाउमार्क्टमध्ये (घरदुरुस्तीच्या सामानाचं दुकान) 'टास्टर' मागा, 'शाल्टर' (दाबलं की तसाच राहणारा स्विच) नको. सगळी एकाच फ्यूजवर ठेवा. बटणामागची भिंतीतली डबी खोल लागते, नाहीतर रिले मावत नाही. मोटर रेडिओवाली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका, दुसरा रिमोट घ्या.

आता रंग, कारण इथेच आपण फसतो. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. इथे काळीत फेज असते, आणि निळी न्यूट्रल. १९६५ च्या आधीच्या घरात तर लाल तार अर्थिंगची निघते. त्यात आपल्या लोकांचा विश्वास खिशातल्या निऑन टेस्टरवर. तो घरीच ठेवा. फ्यूज पाडा, कोणी परत चढवणार नाही याची सोय करा आणि दोन टोकांच्या टेस्टरने तपासा.

खरं तर कायद्याने हे काम नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनचंच आहे, आणि भाड्याच्या घरात आधी मालकाची लेखी परवानगी. 'पुण्यात मी सगळं स्वतः करायचो' हे इथे विम्यावाल्याला सांगून उपयोग नाही. वरचं सगळं लिहिलं ते इलेक्ट्रिशियनशी नीट बोलता यावं म्हणून. तो चटकन येत नाही. महिनाभर आधी फोन करा.

मोटर तापून मध्येच बंद पडली तर घाबरू नका, साधारण चार मिनिटं सलग चालवली की असं होतं. वीस मिनिटं थांबा.

आणि बाल्कनीच्या दाराच्या रोलाडनला टायमर लावू नका. कपडे वाळत घालायला गेलात आणि तो मागे उतरला, तर मोबाइल आत असतो.