युविकाचा अर्ज फेब्रुवारीत, तयारी सातवीपासून

इस्रोच्या ‘युविका’ शिबिराची नोंदणी 2024 साली 20 फेब्रुवारी ते 20 मार्च अशी होती आणि 2025 साली 24 फेब्रुवारी ते 23 मार्च. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, या दिवसांत डोकं वर काढायला सवड नसते. बोर्डाची परीक्षा, पर्यवेक्षण, पेपर तपासणी. मग शेवटच्या दोन दिवसांत कुणीतरी ग्रुपवर जाहिरात टाकतं, त्याखाली सगळे अंगठ्याचे इमोजी टाकतात आणि अर्ज कुणाचाच जात नाही.

मी करमाळा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो. हे लिहितोय ते माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरी सातवी-आठवीतलं पोर आहे अशा पालकांसाठी.

आधी हे काय आहे ते सांगतो. युवा विज्ञानी कार्यक्रम, म्हणजेच युविका, 2019 मध्ये सुरू झाला. कोरोनाची दोन वर्षं सोडली, तर तो मे महिन्यात साधारण दोन आठवडे भरत आला आहे. देशभरातून निवडलेल्या नववीच्या मुलांना तिरुवनंतपुरम, श्रीहरिकोटा, अहमदाबाद, हैदराबाद, डेहराडून, शिलाँग अशा केंद्रांवर नेतात. तिथं शास्त्रज्ञांची व्याख्यानं, प्रयोगशाळा बघणं, रोबोटिक्स, रॉकेटची प्रतिकृती जुळवणं, रात्री आकाशदर्शन असा भरगच्च कार्यक्रम असतो. याला संशोधन म्हणणं जरा जास्तच होईल. पण ज्या पोरानं प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट एवढंच पाहिलंय, त्याला इस्रोचं काम जिथं चालतं ती जागा दिसते. राहणं, जेवण, साहित्य, प्रवास, सगळा खर्च इस्रोचा.

आता खरी गोष्ट, निवडीच्या गुणांची. अलीकडच्या जाहिरातींमध्ये 100 पैकी वाटणी अशी होती: आठवीच्या गुणांना 50, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला 10, विज्ञान प्रदर्शनातल्या सहभागाला शाळा, जिल्हा, राज्य अशा पातळीप्रमाणे 2, 5 किंवा 10, ऑलिंपियाड वा विज्ञान स्पर्धेतल्या बक्षिसाला जास्तीत जास्त 5, खेळातल्या बक्षिसाला 5, स्काउट-गाइड, एनसीसी, एनएसएसला 5, आणि पंचायत क्षेत्रातल्या ग्रामीण शाळेत शिकत असल्याबद्दल सरळ 15.

हे 15 नीट वाचा. समजा आपल्या शाळेतल्या मुलीला आठवीत 84 टक्के आहेत. त्याचे झाले 42. प्रश्नमंजूषेत 7, जिल्हा प्रदर्शनाचे 5, गाइडचे 5, ग्रामीणचे 15. बेरीज 74. शहरातल्या 95 टक्केवाल्या मुलाचे 47.5, प्रश्नमंजूषेत 9, शाळेच्या प्रदर्शनाचे 2, म्हणजे 58.5. आपली पोरं ‘आपल्याला कोण घेतंय’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत, आणि इथं गणित त्यांच्या बाजूनं आहे!

अडतं ते कागदावर. प्रदर्शन, स्पर्धा, खेळ यांची मागच्या तीन वर्षांतली प्रमाणपत्रं चालतात, म्हणजे सातवीपासूनची. म्हणून सातवीतच प्रत्येक होतकरू मुलाची एक फाइल करा आणि ती शाळेच्या कपाटात ठेवा. घरी ठेवलेलं प्रमाणपत्र पावसाळ्यात ओलं होतं, नाहीतर धाकट्या भावाच्या होडीला लागतं. प्रदर्शनात तालुक्याची वेगळी पायरी या निकषांत नाही, तेव्हा उपकरण जिल्ह्यापर्यंत जाईल इतकी मेहनत घ्या. इन्स्पायर-मानक या शालेय मुलांच्या नवकल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत मुलांच्या कल्पना वेळेत भरल्या तर जिल्हा प्रदर्शनाचा आणखी एक रस्ता खुला होतो. हरित सेनेचं काम चांगलंच आहे, पण इथं त्याचे गुण नाहीत. शाळेत स्काउट-गाइडचं पथक फक्त रजिस्टरात असेल तर ते मैदानावर आणा.

दुसरी अडचण प्रगतिपुस्तकाची. आपल्याकडे आठवीला अ-1, अ-2 अशा श्रेण्या असतात आणि अर्जात गुण लागतात. शाळेच्या निकालपत्रकातून विषयवार गुण काढून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं गुणपत्रक जानेवारीतच तयार ठेवा. मार्चमध्ये मुख्याध्यापक बोर्डाच्या पेपरांच्या कस्टडीवर असतात, नाहीतर मीटिंगला.

ग्रामीण शाळेच्या दाखल्याबाबत एक खबरदारी. बरीच तालुक्याची गावं आता नगरपंचायती झाली आहेत आणि नगरपंचायत ही शहरी संस्था. मुलगा वाडीवर राहतो याला इथं महत्त्व नाही. शाळा कुणाच्या हद्दीत आहे, ते बघतात. आधी खात्री करा, मगच त्या रकान्यावर टिक करा, कारण कागद तपासले जातात.

अर्जासाठी ईमेल लागतो. बापाच्या फोनवर काढलेला ईमेल रिचार्ज संपला की मेला, म्हणून पासवर्ड त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा. नोंदणी, मग प्रश्नमंजूषा, मग अर्ज, हा क्रम असतो. प्रश्नमंजूषा 10 गुणांची आहे म्हणून घाबरू नका आणि सोडूही नका. चांद्रयान, मंगळयान, आदित्य एल-1, पीएसएलव्ही रॉकेटचे टप्पे, आर्यभट्ट उपग्रह 1975 साली सुटला, एवढं मुलांना गोष्टीसारखं सांगितलं तरी बरंच पदरात पडतं. शिबिरात इंग्रजी आणि हिंदी ऐकावं लागणार, तेव्हा निवड झाली की महिनाभर रोज अर्धा तास तेवढं करून घ्या.

निवड झाल्यावर घरच्यांशी बोलायला स्वतः जा. फोनवर हे जमत नाही. मुलगी असेल तर पहिला प्रश्न ‘एवढ्या लांब एकटी?’ असाच येतो. सोडायला आणि आणायला एका पालकाला येता येतं आणि त्याच्याही तिकिटाचे पैसे मिळतात, हे तिथंच सांगा. पण ते पैसे आधी खिशातून जातात आणि मूळ तिकीट दाखवल्यावर परत येतात. रोजंदारीवरच्या माणसाला ही रक्कम जड जाते, शिवाय तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो तो वेगळाच. आमच्याकडे शिक्षक आपसात वर्गणी काढून तिकीट काढतात आणि पैसे आले की ती परत घेतात. यादी लागली की त्याच दिवशी रिझर्व्हेशन बघा. मे महिन्यात जेऊरहून दक्षिणेकडं जाणाऱ्या गाडीत जागा मिळणं कठीण, आणि वेटिंगचं तिकीट घेऊन पोरीला पाठवायला कुठलीच आई तयार होणार नाही.

निकष दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून जानेवारी संपली की इस्रोचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडत जा. दहावीत गेलेल्या मुलाला अर्ज करता येत नाही, नववीचं ते एकच वर्ष हाताशी असतं.