मृगाआधी शेळ्यांची तयारी: कोवळ्या गवताचा धोका ओळखा

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत बांधावर लुसलुशीत गवत फुटते आणि उन्हाळाभर कडब्यावर काढलेल्या शेळ्या त्यावर तुटून पडतात. आंत्रविषार हा आतड्यातल्या विषाचा रोग नेमका याच दिवसांत गाठतो. त्याचे जिवाणू शेळीच्या आतड्यात एरवीही थोडेफार असतातच. कोवळा चारा किंवा धान्य एकदम पोटात गेले की ते झपाट्याने वाढून विष सोडतात. म्हणूनच आधी जाते ते कळपातले सर्वांत धष्टपुष्ट, हावरट करडू. संध्याकाळी उड्या मारत होते ते सकाळी मान मागे टाकून, पाय ताणून मेलेले सापडते. औषधोपचाराला वेळ मिळतच नाही, सगळी भिस्त लसीवर.

ज्यांना ही लस कधीच टोचलेली नाही, त्यांना मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली मात्रा आणि 14 ते 21 दिवसांनी दुसरी द्या. दुसरी चुकवली तर पहिलीवर भरवसा ठेवू नका. मागच्या वर्षी दोन्ही झाल्या असतील तर यंदा एक पुरे. लस बर्फावर आणा, पण गोठू देऊ नका. गोठलेली बाटली टाकून द्या. टोचायचे ते सकाळच्या गारव्यात. दवाखान्यात गेलातच आहात तर जनावरांचा घटसर्प आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणू रोग) यांच्या लसींचेही विचारून घ्या.

जंतनाशक लसीच्या 8-10 दिवस आधी. इथे हमखास चूक होते ती अंदाजाने औषध देण्याची. मात्रा कमी पडली की जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. ताणकाट्यावर वजन करा. शेळीला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते, त्यामुळे मेंढीचे माप चालवू नका. डॉक्टरांकडून शेळीसाठीच ठरवून घ्या. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल नको. पाजताना तोंड आडवेच ठेवा, नळी गालाच्या फटीतून जिभेच्या मागे सरकवा. मान वर ओढून ओतले तर औषध फुफ्फुसात जाते.

सरसकट सगळ्यांना दर महिन्याला पाजणे हा पैशाचा नासच. पावसाळ्यात पंधरवड्याने उजेडात खालची पापणी ओढून पाहा: लालभडक असेल तर ठीक, फिकट गुलाबी किंवा पांढरी दिसली, किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असली, तर रक्त पिणारे जंत वाढले समजा. औषध त्या जनावराला.

पाऊस सुरू झाल्यावर उपाशी शेळी सोडायची नाही. आधी मोठ्या जनावराला अर्धा किलोच्या आसपास हरभऱ्याचे किंवा तुरीचे कुटार, मग रान. पहिले तीन दिवस तासभर चराई, पुढे हळूहळू वाढवा. दव सुकल्याशिवाय सोडू नका, कारण जंतांच्या अळ्या ओल्या पात्यांवर चढून बसलेल्या असतात. सुबाभूळ, शेवरी, बोरीचा पाला उंचावर टांगून दिला तर जंतांची भीती आणखी कमी होते. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत मात्र शेळी घुसू देऊ नका. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो.

गोठ्यात मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट कोरडी जागा हवी. चिखलात खुरे सडतात.

इतके करूनही करडू अचानक मेले तर लगेच पुरू नका, दोन-तीन तासांत दवाखान्यात न्या. उशीर झाला की शवविच्छेदनात काही कळत नाही. नाकातून वा गुदद्वारातून काळसर रक्त येत असेल तर मात्र हातही लावू नका, डॉक्टरांनाच बोलवा. काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते.